किसनकाकांचा रणगाडा

“बसल्या जागी गेले गं,” काकू फोनवर म्हणाल्या, आणि क्षणभर मला ते खोटंच वाटलं. किसनकाका आणि बसले? मारुंजीतल्या त्यांच्या वरच्या खोलीत मी नऊ वर्षं भाड्यानं राहिले. तेवढ्या काळात त्यांना निवांत बसलेलं मी पाहिलं असेल दोन-तीनदा, तेही टेकल्यासारखं. चहाचा कप हातात घेऊन ते अंगणभर फिरत. भाडेकरूंचे नळ, कड्या, पंखे, न बिघडलेलं सगळंसुद्धा उघडून बघत. आणि हा माणूस सकाळी चहा झाल्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला, तो उठलाच नाही… दोन दिवस आधी त्यांनी मला एका पाटीचा फोटो पाठवला होता. ‘पोरी, हितं कोणतं तेल घालायचं लिवलंय बग.’ मी उत्तर दिलं, रविवारी बघते. तो रविवार त्यांना मिळाला नाही. सहा आठवडे झाले, तो फोटो मला अजून उघडवत नाही.

ती पाटी होती त्यांच्या रणगाड्याची. खरं तर ती ओझी वाहणारी एक जुनी जपानी गाडी. चाकांऐवजी दोन्ही बाजूंना रबरी पट्टे, मागे छोटा हौदा, पुढे एकाच सिलिंडरचं डिझेल इंजिन. कुठल्याशा बंद पडलेल्या खोदकामावरून ती भंगारवाल्याकडे आली होती. काकांनी टेम्पोतून अंगणात उतरवली तेव्हा पट्ट्यांना भेगा होत्या, इंजिन जाम होतं आणि हौद्यात पिंपळाचं रोप उगवलेलं होतं. काकूंनी कपाळावर हात मारला. गल्लीतल्या पोरांनी ‘रणगाडा’ म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव राहिलं.

मी परभणीची, नोकरीसाठी इकडे आलेली, यंत्रातलं मला काही कळत नाही. पण माझ्या फोनमध्ये अक्षरं वाचून भाषांतर करणारी सोय आहे हे काकांना समजलं आणि माझ्या सुट्ट्या संपल्या. गाडीवरच्या एकेका पाटीसमोर मी फोन धरायची. तो म्हणायचा, ‘डावे ओढल्यास शरीर डावीकडे वळते.’ काका गंभीरपणे मान हलवायचे. “बराबर हाय. डावा दांडा वढला का डावा पट्टा थांबतो, मग गाडी डावीकडं वळनारच.” इंजिन सुटावं म्हणून त्यांनी सिलिंडरमध्ये डिझेल ओतून आठ दिवस ठेवलं. रोज सकाळी ते पान्यानं जोर लावायचे. नवव्या दिवशी इंजिन केसभर हललं, तर म्हातारा माणूस अंगणात नाचला. पट्टे फिरवणाऱ्या चाकांचे झिजलेले दाते वेल्डिंगनं भरून त्यांनी हातानं कानशीनं घासले. पट्टे कुठून कुठून शोधून आणले. ह्या सगळ्याला दीड वर्ष गेलं.

एवढं कशासाठी, हे मला काकूंनी सांगितलं, काका घरी नसताना. पौडच्या पुढे, डोंगराच्या पोटाला त्यांची वरकस जमीन आहे. वाटणीनंतर धाकटे भाऊ, गणपतकाका, तिकडेच घर बांधून राहिले. एका वादळात उतारावरचे चार जुने साग पडले. पावसाळा तोंडावर आलेला. लाकूड आजच्या आज खाली आणायचं, असा हट्ट किसनकाकांनी धरला. “ट्रॅक्टर कलंडंल, दादा,” गणपतकाका म्हणत होते. “काय कलंडत न्हाई, जा,” हे म्हणाले. गणपतकाका ट्रॅक्टरवर बसले, आणि ट्रॅक्टर कलंडला. गणपतकाकांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. दवाखान्यातून घरी गेल्यापासून ते मोठ्या भावाशी बोलले नव्हते. सात वर्षं. ओंडके जिथे पडले तिथेच होते, कुणी हातसुद्धा लावला नव्हता. “तवापास्नं ह्यांच्या पायाला भिंगरी लागलीया,” काकू म्हणाल्या. “बसलं की त्ये आठवतं.”

गाडी पहिल्यांदा चालली तो दिवस विसरता येणार नाही. गल्लीतून सोसायटीच्या फाटकापर्यंत काका ती खडखडत घेऊन गेले. कंपनीच्या बसची वाट बघणारी मुलं फोन काढून उभी राहिली, रखवालदारानं सलाम ठोकला. मला वाटलं, झालं, आता हा माणूस शांत होईल. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर गाडी पुन्हा उघडलेली. सगळे भाग पोत्यावर मांडलेले.

“काका, चालत होती ना?”

“चालत व्हती. पन चुकलंय.”

“कुठं?”

“पायात,” ते म्हणाले आणि पुन्हा आत वाकले.

मी समजले, पट्ट्यांबद्दल बोलताहेत. मला राग आला होता. ह्यांना काही पुरं होऊच द्यायचं नाही, असं मी काकूंना बोलूनही दाखवलं. पुढचे चार महिने ते त्यातच होते.

थंडीत एका सकाळी काका आणि मी गाडी टेम्पोत घालून गणपतकाकांच्या वाडीला निघालो. डांबर संपलं तिथे उतरवली. गणपतकाका दारात बसले होते, शेजारी कुबडी. त्यांच्या पत्नी, हौसाकाकू, पाणी घेऊन आल्या. दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता पाणी प्यायले. मग काका गाडी घेऊन उतारावर गेले. वाडीतल्या दोघांच्या मदतीनं पहिला ओंडका हौद्यात चढवला, साखळीनं बांधला. वरची साल आणि कड कुजली होती. कुऱ्हाड घातल्यावर आतला गाभा मात्र खणखणीत निघाला. खाली येताना एका जागी गाडीचं तोंड दरीकडे घसरू लागलं. मी डोळेच मिटले.

“दादा! वरल्या अंगानं घे! वरल्या अंगानं!”

गणपतकाका कुबडीवर उभे होते. काकांनी दांडा ओढला, गाडी सावरली, सपाटीला आली. इंजिन चालू ठेवूनच ते उतरले आणि भावासमोर येऊन उभे राहिले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं…

“मला न्हाई जमत ह्यो उतार. तू घे.”

“मी? कशानं, डोंबलानं?”

“बग तरी.”

गणपतकाका गाडीजवळ गेले, वाकून बघितलं. मीही बघितलं, आणि चार महिन्यांचा माझा राग जागच्या जागी विरघळला. पायाशी आधीची पेडलं उरली नव्हती. क्लच, ब्रेक, सगळं काकांनी हाताच्या दांड्यांवर आणलं होतं. गणपतकाकांनी कुबडी हौसाकाकूंकडे दिली, चढून बसले आणि उरलेले तीनही ओंडके स्वतः गाडी चालवत खाली आणले. किसनकाका गाडीच्या कधी पुढे, कधी मागे, सारखे चालत होते. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. गाडी वाडीलाच राहिली, आणि त्यानंतर दर आठवड्याला किसनकाका टेम्पो धरून तिकडे जायचे. कुणाची सरपणाची मोळी, कुणाचे वासे, काही ना काही ओढायचं निघायचं. शेवटच्या सकाळी चहा पिऊन ते टेम्पोचीच वाट बघत होते.

परवा मी वाडीला जाऊन आले. गाडी गोठ्याशेजारी उभी होती. गणपतकाका पट्ट्याखालच्या रोलरला ग्रीस लावत होते, मधेच उठत होते, पुन्हा बसत होते. मी सहज म्हटलं, सीट आणि दांडे तुमच्या अंगाला किती नेमके आहेत. एकदाही न भेटता काकांनी माप कसं घेतलं असेल?

हौसाकाकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “आता सांगाया हरकत न्हाई. माप मी दिलं. भावजींनी निरोप धाडला व्हता. ह्ये दुपारचे झोपले व्हते, तवा सुतळीनं खांद्यापास्नं मुठीपतुर मापलं. पायाचं बी मापलं.” आणि नवऱ्याकडे बघून घाबरत, “तुमास्नी कदी सांगितलं न्हाई.”

गणपतकाकांनी ग्रीसचे हात फडक्याला पुसले.

“मी जागा व्हतो,” ते म्हणाले.