पिठावरची पावलं

बायको गेली त्याच्या बाराव्याला माझ्या मेव्हणीने ओट्याखालच्या डब्यातलं तांदळाचं पीठ घेऊन हॉलमध्ये पसरलं. बाजूला दिवा, वर टोपली. आमच्या कोकणात ही रीत आहे. सकाळी टोपली उचलायची आणि पिठावर कसली पावलं उमटलीत ते बघायचं. ज्याची पावलं, त्या जन्माला माणूस गेलं.

सकाळी बघतो तर पिठावर एक वाकडी रेघ आणि दोन्ही बाजूंना बारीक टिंबं, मशीनच्या शिलाईसारखी.

"मुंगी," मेव्हणी म्हणाली. "भावोजी, मुंगयेचो जन्म वायट नाय."

शेजारीण चष्मा लावून वाकली. "मला तर झुरळ वाटतंय हो."

माझं डोकंच फिरलं. माझी बायको झुरळ? अख्खा जन्म तिने झुरळांना चपलेने मारण्यात घालवला. मी म्हटलं, बाई, तू आधी घरी जा. पण ते डोक्यात बसलं ते बसलंच. पीठ झाडायच्या आधी मी मोबाईलवर त्या रेघेचा फोटो काढून ठेवला. कुठलाही किडा चालेल, झुरळ नको, एवढंच मला पक्कं करून घ्यायचं होतं.

मुलगी सासरी मुलुंडला असते. तिला म्हटलं, बारीक वस्तू मोठी दिसेल असं काय तरी पाठव. तिने बटणाएवढं भिंग पाठवलं, मोबाईलला चिमट्याने लावायचं. ते लावून मी आमच्या बोरिवलीतल्या डोंगराकडच्या बागेत जायला लागलो. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात ताटली, ताटलीत पीठ. किडा दिसला की आधी फोटो, मग त्याला अलगद ताटलीत चालवायचा आणि रेघ जुळते का बघायची.

वॉचमन विचारायचा, "काका, आज कौन पकडा गया?"

शाळा माझी चौथीपर्यंत. पण गिरणीत बत्तीस वर्षं तुटलेला धागा सांधलाय, ते इथे कामाला आलं. किड्याच्या दोन बोटं जवळ जायचं, कोपर गुडघ्यावर टेकवायचं, श्वास धरायचा आणि अंगठा हळूच दाबायचा. घाई केली की किडा पळाला. आपली सावली पडली तरी पळाला. ऊन चढायच्या आत गेलं तर किडे अजून सुस्त असतात, तेव्हा फोटोपुरते बसून राहतात.

आणि काय काय दिसलं सांगू! चतुराचे डोळे म्हणजे बारीक जाळीच्या चाळण्या. माशीच्या पाठीवर मोरपिशी रंग. जिला आपण जेवताना हाकलतो ती माशी! एक छोटा उड्या मारणारा कोळी गर्रकन वळला आणि चार डोळ्यांनी माझ्याकडे बघायला लागला, दूध आणायला विसरल्यावर बायको बघायची अगदी तसंच. मी मोठ्याने म्हटलं, "आणतो गं!" चालायला आलेल्या बायका लांबून गेल्या.

पण रेघ कुणाचीच जुळेना. मुंगळा नाही, ढालकिडा नाही, भुंगा तर पीठच उधळून गेला. एक झुरळ धरून आणलं, देवाचं नाव घेत त्याला पिठावर चालवलं. रेघ वेगळी निघाली, रुंद आणि फरफटलेली. मी चप्पल काढली, मग म्हटलं जाऊ दे, आज तुला सोडलं.

तीन महिने असे गेले. जेवणाचा डबा बाहेरून येतो, त्यामुळे मला घरात पीठ लागायचं ते ताटलीपुरतंच, तेही मुलीने आणलेल्या पाकिटातलं. ते संपलं म्हणून मी ओट्याखालचा जुना डबा उघडला. पिठावर एक तांबडा किडा चालला होता, तिळाएवढा. मागे रेघ, दोन्ही बाजूंना टिंबं.

भिंग लावलं, फोटो काढला, जुन्या फोटोशेजारी धरला. तीच.

मेव्हणीला फोन केला. "बाराव्याचं पीठ तू कुठल्या डब्यातलं घेतलंस?"

"ओट्याखालच्या."

"त्यात पोरकिडे आहेत. तुझी मुंगी त्याच पिठातली गं."

"माझ्या तायच्या डब्यात किडे?" ती ओरडली. "तोंड सांभाळा, भावोजी! तिच्या हातच्या पिठाक कधी किडो लागलो नाय!"

"अगं, दोन महिने ती हॉस्पिटलात होती. डबा कोण उघडणार, मी?"

मग तिकडून खुसखुस ऐकू आली, आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तिन्ही महिने मी बोरिवलीभर ताटली घेऊन फिरलो, आणि किडा आपला घरच्या डब्यात बसून पीठ खात होता.

"म्हणजे तायचो काय जन्म झालो, ता कळलाच नाय," ती म्हणाली.

"नाही कळलं. झुरळ नाही, एवढं कळलं."

"मग आता बागेत जाऊचा बंद करा. गुडघे बघा आपले."

"उद्या जायचंय. करंजाच्या पानाखाली ढालकिड्याने अंडी घातलीत, बारीक पिंपं ओळीने मांडल्यासारखी. आज झाकणं काळी पडलेली, उद्या फुटणार."

"किती वाजता?" तिने विचारलं. "मालाडवरून येऊक माका अर्धो तास लागता."

"साडेसहाला ये. आणि पांढरी साडी नेसू नकोस, किडे बिचकतात."