अर्झिकाच्या घोड्याची पाठ

कल्पना करा, तुमच्या मांडीवर खोगिराच्या, कातड्याच्या दोन लांबट पिशव्या आहेत. घोड्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बसेल अशा बेताने त्यांत हरणाचे केस भरायचेत. आत एखादी गाठ राहिली, तर दिवसभराच्या दौडीत पाठ सोलवटणार. जखम भरते, पण तिथे केस उगवतात ते पांढरे, कायमचे.

आमच्या भटक्या टोळीच्या तळावर हे काम अर्झिका करायची. नवरा गेला, बोटं वाकडी झाली, तरी खोगिरं तिच्याकडेच यायची. "या वर्षी शेवटचं," असं ती दर वर्षी म्हणायची. गुडघे धरल्यापासून तिचा तांबूस घोडा हेच तिचे पाय होते.

सरदार वारला. त्याच्याबरोबर थडग्यात जाणारा घोडा तांबूसच लागतो आणि अंगावर एकही पांढरा केस चालत नाही. सरदाराचा भाचा स्पर्ग घोडे तपासत आमच्याकडे आला. अर्झिकाच्या घोड्यावरून त्याने पुन्हापुन्हा हात फिरवला.

"मावशी, एक पांढरा केस नाही गं!"

"नीट बघ. डोळे उसने आणलेत का?"

"खोगीर तुझ्या हातचं. मग कुठून असणार?"

"म्हातारा झालाय तो. धापा टाकेल. सरदाराला उशीर होईल."

"त्यांना आता कसली घाई!"

भोवती जमलेले सगळे हसले. अर्झिकाही हसली आणि खाली बसली.

"आणि मला हिवाळी कुरणावर कोण नेणार? तू पाठीवर घेशील?"

"गाडीत बस की."

"गाडीत लेकरं नि हंडे बसतात रे."

स्पर्ग जरा घुटमळला. मग म्हणाला, "त्याचं खोगीरही तूच भर. थडग्यात नवं लागतं."

घोडा घेऊन तो गेला. तिच्या हाताखाली काम शिकणारा मी, तिच्याशेजारी हरणाचे केस विंचरत बसलो.

"एकदा त्याच्या खोगिरात गाठ राहिली होती," ती म्हणाली. "झोपेने डोळे मिटत होते माझे. तरी उसवलं नि पुन्हा भरलं. तसंच ठेवलं असतं, तर..."

तिने पिशवीत मूठ घातली आणि तिथेच थांबली.

"घट्ट भरू की सैल? मेलेल्या माणसाचं वजन लागतं का रे घोड्याच्या पाठीला?"