गावाने दिलेला ओलीस

माझ्या थोरल्या भावाला पोलिसांनी धरून नेले नाही. गावाने त्याला मानाने नेऊन थाण्यावर बसवले. शहरातल्या स्नेह्यांना मी हे सांगितले की ते पुन्हा विचारतात, म्हणजे नेमके काय? म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवायचे मनात होते.

आमचे गाव कळमनुरी तालुक्यात, डोंगरकड्याच्या वाटेवर. तेव्हा निजामाचे राज्य होते. आमच्या भागात चोरीचा माग काढायची एक जुनी रीत होती. ज्या गावात चोरी झाली तिथले लोक चोराच्या पावलांचे ठसे पाहत निघायचे. एखादा ठसा चांगला उमटलेला दिसला की त्यावर टोपली पालथी घालून ठेवायचे, म्हणजे वाऱ्याने किंवा जनावराने तो पुसला जाऊ नये. ठसे दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरले की त्या गावच्या पाटलाला बोलावून टोपली उचलून दाखवायची. पुढचा माग मग त्या गावाने काढायचा. ठसे आपल्या शिवेतून बाहेर पडलेले दाखवून दिले की ते गाव मोकळे. दाखवता आले नाहीत तर त्या चोरीचे उत्तर त्याच गावाने द्यायचे. त्यासाठी मुदत हवी असेल तर चांगल्या घरचा एक माणूस समोरच्या गावच्या चावडीवर ओलीस म्हणून बसवायचा. ओलीस म्हणजे कैदी नव्हे. त्याला दोन वेळा ताट वाढायचे, अंथरूण द्यायचे. माग लागला की तो आपल्या घरी. माझे आजोबा तरुणपणी असेच शेजारच्या गावी बसून आले होते. तिथल्या जेवणाची, विशेषतः तिथल्या वरणाची, ते म्हातारपणापर्यंत तारीफ करायचे.

मी तेव्हा तालुक्याच्या शाळेत वरच्या वर्गात होतो. शिकणे सगळे उर्दूतून. आमच्या घरात शाळेचे तोंड पाहिलेला मी पहिलाच. दिवाळीला घरी आलो होतो, त्याच दिवसांत ओढ्यापलीकडच्या गावात एका व्यापाऱ्याच्या घरावर दरोडा पडला आणि घरचा राखणदार मारला गेला. सकाळी माग निघाला तो थेट आमच्या ओढ्यापर्यंत आला. पण तोवर धनगराची मेंढरे ओढा उतरून आमच्या शिवारात शिरली होती. खुरांच्या गर्दीत माणसाचे पाऊल म्हणून एक दिसेना. माग आमच्या शिवेत बुडाला.

दुसऱ्या दिवशी जमादार शिपाई घेऊन आला आणि चावडीत मुक्काम ठोकून बसला. घोड्यांना कडबा, शिपायांना दूध आणि कोंबड्या, पाणी भरायला माणसे. गाव चार-सहा दिवसांतच मेटाकुटीला आले. जो समोर दिसेल त्याला बोलावून दरडावणे चाललेलेच.

शेवटी पाटील हात जोडून म्हणाले, "सायेब, आमाला थोडी मुदत द्या. बाजारात माणसं पाठवतो, माग लावूनच देतो. तवर आमचा ओलीस ठेवून घ्या."

जमादाराने मिशीवरून हात फिरवला. "ओलीस? बराबर. पण चांगल्या घरचा पाहिजे. आणि बसेल तो थाण्यावर, चावडीवर नाही."

ओलीस गाव गावाला देते. सरकारला ओलीस देता येत नाही, कारण सरकारच्या कायद्यात तशी गोष्टच नाही. हे त्या चावडीत बसलेल्या कुणाच्याही ध्यानात आले नाही. माझ्याही आले नाही. पाटलांनी बापूंकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे पाहिले आणि बापूंनी मान हलवली.

घरी चुलीपुढे वहिनी बसली होती. लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. तिने एवढेच विचारले, "गावात दुसरं घर न्हाई का?"

"आपलंच घर काहून मागितलं, याचा इचार कर," बापू म्हणाले. "वाटेल त्याला ओलीस कोण घेतं व्हय?"

दादा निघाला तेव्हा डोक्याला लग्नातला फेटा होता. वहिनीने दशम्या बांधून दिल्या. शेजारचे पिंजारी चाचा एक लहानशी गादी काखेत मारून आले. "ले बेटा. थाने की जमीन सख़्त रहती," म्हणाले. वेशीपर्यंत त्याचे सोबती चिडवत होते.

"सासुरवाडीला निघाला का रे? येताना काय आणशील?"

"जमादाराची पोरगी," दादा म्हणाला.

"मग वैनी तुला उंबऱ्याच्या आत घेती का बघ!"

हसत हसतच त्यांनी त्याला निरोप दिला.

शाळा सुरू झाली तसा मी रोज संध्याकाळी तालुक्याच्या थाण्यावर भाकरी घेऊन जाऊ लागलो. सुरुवातीला दादा ओसरीवरच बसलेला असायचा. झाडलोट करायचा, घोड्यांना पाणी दाखवायचा. येणारे-जाणारे त्याला पाहायचे. "माग लागला का?" एवढेच तो मला विचारायचा, आणि मी सांगायचो की गावची माणसे वसमतच्या आणि आखाडा बाळापूरच्या बाजारात फिरून राहिली आहेत, चोरीचा डाग-दागिना कुठे विकायला येतो का ते बघून राहिली आहेत.

एके दिवशी तो ओसरीवर नव्हता. आत गजांच्या पलीकडे होता. फेटा काढून घेतला होता. मी कारकुनाला विचारले तर तो उर्दूत म्हणाला, "तुझा भाऊ? दरोडा आणि खून."

"तो ओलीस आहे," मी म्हणालो.

कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने खरोखरच विचार केला आणि मग म्हणाला, "बाळ, तू शिकतोस ना? मग मला सांग, ओलीस कोणत्या दफ्यात, कोणत्या कलमात येतो?"

मी भाकरी त्याच्याकडे दिली आणि घरी निरोप पाठवला.

मोठ्या अदालतीत खटला उभा राहिला तेव्हा निम्मे गाव गाड्या जुंपून साक्षीला आले. चाचांनीही एक दिवस पिंजण बंद ठेवले. आपण खरे सांगितले की सुटेल, असे प्रत्येकाला वाटत होते. आणि सगळ्यांनी खरेच सांगितले. पाटील म्हणाले, पोरगा चांगल्या घरचा. आम्ही निवडून दिला. स्वतःच्या पायाने थाण्यावर गेला, एकदाही का-कू केले नाही. सरकारी वकिलाने हेच शब्द उचलले. गावात एवढी माणसे असताना गावाने नेमका हाच का दिला? गावाला माहीत होते म्हणूनच ना? आणि निर्दोष माणूस आपल्या पायाने थाण्यावर येऊन बसतो काय? मग व्यापाऱ्याच्या घरच्या एका गड्याने दादाकडे बोट दाखवले. त्या गड्याने दादाला पाहिले होते, हे खरेच होते. इतके दिवस थाण्याच्या ओसरीवर तोच तर बसलेला होता.

न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी दादाला स्वतः विचारले, तुला काही सांगायचे आहे का? दादा म्हणाला, "गाव माग लावून देणार हाय, सायेब. तवर मी बसतो." दुभाष्याने ते सांगितले. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. फाशी टळली. जन्मठेप झाली.

पुढे मी कायद्याची पुस्तके वाचली. एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याला शिक्षा होऊ नये, ज्याचे त्याने भोगावे, हे तत्त्व मला मनापासून पटते. गावावर गुन्हा बसवण्याच्या जुन्या रीतीत गरिबांचे फार हाल व्हायचे, हेही मी पाहिले आहे. नवा कायदा जुन्या रीतीपेक्षा चांगलाच होता. पण माणसे अजून जुन्या रीतीत उभी होती आणि थाणे नव्या कायद्यावर चालत होते. आणि जमादाराला दोन्ही ठाऊक होते.

निकालानंतरच्या पहिल्याच पेरणीला पहाटे आमच्या दारात औतांचा आवाज आला. पाटील, त्यांचे भाऊबंद, धनगर, सगळे. ओलीस परत येईपर्यंत त्याच्या घरची शेती गावाने करायची, हा रीतीचाच भाग होता. अदालतीने दादाला दरोडेखोर ठरवले होते. गावाने मात्र तसे कधीच मानले नाही. त्यांच्या लेखी तो अजून ओलीसच होता. आमच्या शेताची पेरणी, खुरपणी, काढणी दरसाल गावाने आपले शेत सोडून आधी केली. बापू बांधावर बसून राहायचे. चावडीची पायरी मात्र ते पुन्हा चढले नाहीत.

माझे शिक्षणही त्यातच झाले. मी शाळा सोडायची म्हणालो तेव्हा पाटील म्हणाले, "तुझ्या भावाला आमी बसवलं, तुला बी बसवणार न्हाई. जा." सुगी झाली की घरोघरची ज्वारी गोळा होऊन माझ्या वसतिगृहाकडे यायची. हैदराबादेत मी बी.ए. झालो तो त्या ज्वारीवर. त्या माणसांचे उपकार मी कधी विसरणार नाही. ती ज्वारी गोड लागत नव्हती, हेही तितकेच खरे.

तुरुंग लांब होता. सालात एकदा भेट व्हायची. दादा तिथे सतरंज्या विणायचा. केस पिकले, खोकला लागला. बापूंना पाहिले की आधी विचारायचा, "माग लागला का?" बापू म्हणायचे, "लागंल." वहिनी पदर तोंडाशी धरून त्याच्याकडे नुसती पाहत राहायची. भेटीची वेळ संपली की तो तिला म्हणायचा, "बैलाला सरकी देत जा."

अठ्ठेचाळीसच्या साली सगळीकडे धामधूम होती. उन्हाळ्यात टपाल बंद, वाटा बंद. त्या साली भेट झालीच नाही. सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचे राज्य गेले. तुरुंगांची दारे उघडली. लढ्यातली माणसे हार घालून गावोगाव परतू लागली. वहिनीने घर सारवले.

मी तालुक्याला नव्या अधिकाऱ्याकडे गेलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "ही सुटका राजकीय कैद्यांची आहे. तुमच्या भावाचा गुन्हा वेगळा. जुन्या अदालतीचे निकाल राज्य गेले म्हणून रद्द होत नाहीत. पण आता कायदा सगळ्या देशाचा एक होणार आहे. फेरविचाराचा अर्ज करा. अंगठा त्यांचा घ्या. मी शिफारस करतो." मी त्या माणसाचा अजून ऋणी आहे. त्यांनी मला खुर्ची दिली होती.

तुरुंगाला जाताना मी चाचांना बोलावले. पूर्वी दर भेटीला ते आमच्याबरोबर यायचे. फौज आल्यापासून मुसलमान घरे जपून असायची; या वेळी त्यांनी दार अर्धेच उघडले. "बेटा, अब मेरा साथ आना ठीक नहीं. तुमारा काम बिगड़ेगा," म्हणाले, आणि दादासाठी भाजलेल्या शेंगांचे गाठोडे माझ्या हातात दिले.

तुरुंगाच्या दाराशी आम्हाला थांबवून ठेवले. मग एक वॉर्डर आला आणि म्हणाला की तो कैदी उन्हाळ्यातच तापाने गेला. घरी कळवले होते, पण टपाल पोचले नसेल. बापूंनी विचारले, "कुठं ठिवला?" वॉर्डरने भिंतीपलीकडे हात केला. तिथे खुणेचे काही नव्हते. शेंगा बापूंनी तिथेच ठेवल्या.

परत येऊन मी त्या अधिकाऱ्यांना सांगितले. त्यांनी टोपी काढली. मी विचारले, निदान त्याचे नाव तरी स्वच्छ करता येईल का? ते म्हणाले, "मयताचा अर्ज चालत नाही हो. आरोपी गेला की प्रकरण मिटते."

रब्बीच्या पेरणीचे दिवस होते. दोन दिवसांनी गाव औते घेऊन आमच्या शेतात आले. वहिनी माझ्या मागोमाग आली. कपाळ मोकळे होते. तिला पाहून माणसे जागच्या जागी थांबली. पाटील आता म्हातारे झाले होते. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "बाई, ओलीस परत आला न्हाई. तवर गाव सुटत न्हाई. आमाला पेरू दे."

"न्हाई मामंजी," वहिनी म्हणाली. "तुमी पेरत राहिला तर मला वाटत राहतं, ते येणार हाय."

तिने बियाण्याची ओटी बांधली आणि तिफणीच्या मागे जाऊन उभी राहिली. "तुमचे बैल सोडा," ती म्हणाली. "आमचे जुंपा."

बापू बांधावरून उठले आणि आमची जोडी घेऊन आले. मी तिफण धरली. वहिनीने बी सोडायला चाड्यावर मूठ धरली. गावची माणसे लगेच गेली नाहीत, आम्ही तिफणीचे पहिले तास, पहिली ओळ काढून परत येईपर्यंत उभी होती. मग एकेकाने आपली औते वळवली. शेवटी पाटील गेले. त्यांना वाटेत दोनदा बसावे लागले.

पुढच्या सालापासून गाव आमच्या शेतात आले नाही.