ताईला बघायला आले तेव्हा

मला फिट यायची, पण हे घराबाहेर कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरलेलं होतं. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, राहायला जुईनगरला. पप्पा मार्केटात गोणी उचलायचे. सहावीत असताना शाळेत प्रार्थनेच्या वेळी पडले. शुद्धीवर आले तेव्हा नाकाशी कुणाची तरी चप्पल धरलेली होती आणि माझा स्कर्ट ओला झाला होता. मुली गोल करून बघत होत्या. आईने स्वतःची ओढणी माझ्या कमरेला गुंडाळून मला घरी आणलं. सोसायटीच्या गेटवर एका काकूंनी विचारलं, तर आई म्हणाली की उपाशी गेली होती, म्हणून चक्कर आली. मग मीही तेच सांगायला शिकले. डॉक्टर म्हणाले होते की गोळ्या चुकवू नका, बऱ्याच मुलांची फिट पुढे थांबते. आईने गोळ्या चुकवल्या नाहीत, आणि गावाहून आणलेला ताईतही बांधला, कुणाला दिसणार नाही असा.

पुढच्या वर्षी ताईला बघायला पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी मला करंजाड्याला मावशीकडे पाठवलं. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बॅग माझी मीच भरली.

पाहुणे येऊन गेल्यावर ताई स्वतः मला न्यायला आली, तीच साडी नेसून. परतताना बसमध्ये तिने सगळं सांगितलं. मुलाच्या आईने भावंडं किती असं विचारलं, तेव्हा पप्पा म्हणाले, ही एकटीच. ताईने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "मला धाकटी बहीण आहे. तिला फिट येते, म्हणून आज तिला मावशीकडे ठेवलंय."

पाहुण्यांनी चहा संपवला. कळवतो म्हणाले, पण कळवलं नाही.

"तू नाहीसच, असं कसं ऐकून घेऊ मी?" एवढंच ताई म्हणाली.

मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यामुळे तिचं स्थळ गेलं होतं. घरी पप्पा माझ्याकडे बघेनात. मला वाटलं, रागावलेत. त्यांना माझ्यासमोर यायला तोंड नव्हतं, हे फार नंतर आईने सांगितलं.

काही महिन्यांनी दुसरं स्थळ आलं. या वेळी मला कुठे पाठवलं नाही. पोह्यांच्या बशा मीच बाहेर नेल्या. पप्पा स्वतःहून म्हणाले, "ही धाकटी. हिला फिट येते, औषध चालू हाय." मुलाच्या वडिलांनी मला कितवीत आहेस असं विचारलं. मी खाली बघूनच सातवीत म्हणाले आणि आत पळाले.

ताईचं लग्न त्याच घरात झालं. कॉलेजात असताना माझी फिट थांबली, गोळ्याही सुटल्या. मी पोहे नेले त्या दिवशी पाहुण्यांचे चेहरे कसे झाले होते, हे मला अजून ताईला विचारावं लागतं. मी वर बघितलंच नव्हतं.