आत्याचा टीएसएच

आमच्या आत्याइतकं मोठ्यानं बोलणारं माणूस घाटनांदूरच काय, अख्ख्या अंबाजोगाई तालुक्यात झालं नसेल. घरातून ती मामांना, म्हणजे तिच्या यजमानांना, हाक मारायची आणि मळ्यातला गडी औत थांबवायचा. मी बीडला राहतो. मला फोन करताना आपला आवाज तिथवर पोचवायची जबाबदारी फोनची नसून आपली आहे, असं ती धरून चालायची. एसटीत बसली की कंडक्टरपासून नव्या नवरीपर्यंत सगळ्यांची चौकशी व्हायची. उतरली की निम्मी गाडी तिला रामराम घालायची आणि उरलेली निम्मी मोकळा श्वास घ्यायची. आकड्यांबद्दलही तिचं मत ठाम होतं. चौथीपर्यंत तिचा पहिला नंबर असल्यामुळे कागदावरचा आकडा जितका मोठा तितका चांगला, एवढं तिला पक्कं माहीत होतं. गावातल्या शिबिरात तिचं बीपी वाढलेलं निघालं, तेव्हा तिनं जावेला विचारलं, "तुजं किती आलं?" जावेचं कमी होतं. आत्या दिवसभर खुशीत.

ही आत्या मागच्या वर्षी हळूहळू गप्प होत गेली. घराला आधी बरंच वाटलं. "वयानं निवली," मामा म्हणाले. सून तर शेजारणींना कौतुकानं सांगायची, की आई आता कशालाच नावं ठेवत नाहीत. मी उन्हाळ्यात गेलो तेव्हा आत्या स्वेटर घालून, वर शाल पांघरून बसली होती. चेहरा सुजल्यासारखा, हाताची कातडी कोरडी, आवाज घोगरा. चहा झाला का, असं तिनं विचारलं. चहा पिऊन झाल्यावर पुन्हा तेच विचारलं. माझ्या मुलीचं नाव तिला आठवेना. सगळे आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "किल्ल्या सुनंकडं देऊन टाकल्या. माज्या ध्यानात काईच ऱ्हात न्हाई. माजं डोकं कामातनं चाललंय का रे?"

आत्याला इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तिला आणि मामांना घेऊन मी बीडला आलो. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी आत्याचा गळा चाचपला, आवंढा गिळायला लावला आणि रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आला तो आत्यानंच आधी हातात घेतला. टीएसएचचा आकडा बघून ती कितीतरी महिन्यांनी हसली. "लई आलंय की. शेजारी छापलंय त्याच्या किती पुढं गेलंय."

"आजी, इथं वाढणं चांगलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गळ्यात थायरॉईड नावाची एक ग्रंथी असते. अंगाला ऊब द्यायची, चपळाई द्यायची, हे तिचं काम. तिला डोक्यातून हुकूम जातो, तो हा टीएसएच. ग्रंथी काम करीना, म्हणून हुकूम वाढत चाललाय. आणि खालचा हा टी-फोर, हे तिनं केलेलं काम. ते बघा किती कमी आहे."

आत्यानं जरा विचार केला आणि मामांकडं वळली. "मंजे तुमच्यासारकंच. तुमी जागचं हलत न्हाईत, तसा माजा आवाज वाढतो."

मामा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"अन् डोकं?" आत्यानं विचारलं.

"डोकं शाबूत आहे तुमचं. रोज गोळी घ्या, हे विसरणंही कमी होईल."

आत्यानं पदरानं डोळे पुसले, आणि बराच वेळ पुसत राहिली.

गोळीचं तिला काही वाटलं नाही. जड गेला तो चहा. गोळी अनशापोटी नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर तासाभरानं. तेवढ्या वेळात काय करायचं म्हणून ती ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला टीएसएच समजावून सांगायची. कुणाचा गळा जरा जाड दिसला की "तपासून घे," असा हुकूम सुटायचा. काही आठवड्यांनी तिचा फोन आला आणि मला तो कानापासून लांब धरावा लागला. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला होता. आता गोळी बंद करा, असं मामांनी सुचवून बघितलं. आत्या म्हणाली, "गोळी हाय म्हणून तर उतरलाय. कामाला लागलेल्या मानसाला कशापायी काढायचं?"

परवा गेलो तेव्हा संध्याकाळी आत्या आणि मी दोघंच ओट्यावर बसलो होतो.

"तुजी आजी तू बगितली न्हाईस," ती म्हणाली. "माजी माय. भर चैतात वाकळ पांघरून भिताडाला टेकून बसायची. तोंड सुजलेलं, आवाज खोल. सगळ्या बाया तिला आळशी म्हणायच्या. मी बी वरडायचे, ऊठ की म्हणून. ती नुसती माज्याकडं बगायची." मग तिनं विचारलं, "तिला बी हेच झालं असंल का रे?"

"आता कसं सांगणार, आत्या? तपासल्याशिवाय कळत नाही."

तिनं मान हलवली. "एवढंसं तर रगत घेत्यात," ती म्हणाली, आणि कोपराच्या आतली, सुई टोचतात ती जागा अंगठ्यानं चोळत बसली.