खिडकीत धरलेली घोंगडी

मुलांनो, जळोचीच्या आपल्या घरात पाणी शिरले, तेव्हा भिंती खरवडायला सांगवीहून एक माणूस आला होता. त्याचे नाव विचारायचे राहूनच गेले. तोंडावर जाड मास्क असायचा, त्यामुळे तो हसला की फक्त डोळे बारीक झालेले दिसत.

भिंतींवर काळी बुरशी चढली होती. तिची धूळ माझ्या दम्याला सोसणार नाही, म्हणून त्याने मला अंगणात लिंबाखाली बसवले. आतली एकेक वस्तू तो खिडकीत धरायचा आणि ती ठेवायची की टाकायची, ते मी सांगायची.

दुपारी त्याने आजोबांची घोंगडी धरली. लहानपणी तुम्ही दोघे तिच्यात शिरून झोपायचात. तिच्यावर पांढरट बुरशी पसरली होती.

“ती ठेवा. उन्हात झटकली की झालं,” मी म्हणाले.

“झटकली की समदं छातीत जाईल, आजी.”

“तुम्हाला काय तिची माया?”

“माझी आजी जल्मभर लोकर कातायची. मला न्हाय व्हय माया?” हातमोज्यातले बोट तो विणीवरून हळूच फिरवत होता. “पर नातवंडं घोंगडीला भेटाया येत्यात, का तुमाला?”

मी मान डोलावली. निजलेले मूल उचलावे तशी, जराही न हलवता, त्याने ती पिशवीत ठेवली. तोंड बांधण्याआधी मात्र माझ्याकडे बघत थांबला.

“बांधा,” मी म्हणाले.

आता भिंती कोरड्या आहेत आणि मला रात्री झोप लागते. दिवाळीला या. नवी घोंगडी आणून ठेवली आहे. तिला अजून कुणाचाच वास नाही.