भुईला न लागणारा चेंडू

बोदवडला गाडीतून उतरलो तेव्हा माझ्या गळ्यात शिट्टी होती. पुण्याहून येणारा बास्केटबॉलचा पंच ओळखू यावा म्हणून पत्रात तशी सूचनाच होती. फलाटावर उतरलेला मी एकटाच होतो.

न्यायला नाना आले होते. केळीचे बागाईतदार, साठीचे. धोतर आणि खाली कॅनव्हासचे बूट. बैलगाडीत बसतो न बसतो तोच त्यांनी विचारलं, "साहेब, तुमी त्याले खरंच पाह्यलं का?"

'तो' म्हणजे अमेरिकेतला एक व्यावसायिक खेळाडू. आपल्या कुठल्याही दारातून त्याला वाकूनच यावं लागलं असतं. मुंबईत त्याची दहा मिनिटांची फिल्म मी एकदा पाहिली होती आणि वर्तमानपत्रात छापून आलेल्या एका पत्रात तशी बढाई मारली होती. बोलावणं त्यामुळेच आलं होतं.

घरी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) होती. तिखटानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नानांना वाटलं, भिंत पाहून आलं. भिंतीवर त्या खेळाडूची सारी कारकीर्द चिकटवलेली होती. गावातल्या मारवाडी शेठजींच्या दुकानात पुड्या बांधायला परदेशी मासिकांची रद्दी येई. तिच्यातून नानांनी दहा वर्षं चित्रं कापली होती. इथे तो पोरसवदा, इथे हातात करंडक, पुन्हा करंडक, पुन्हा करंडक. शेवटी कोट घालून बाकावर, इतरांना शिकवणारा. नानांना इंग्रजीचा गंध नव्हता. नुसत्या चित्रांवरून त्यांनी खेळ ओळखला आणि केळी काढणाऱ्या गड्यांना शिकवला.

सकाळी जळगावच्या संघाशी सामना सुरू झाला. जळगावचा एक जण चेंडू आपटत पुढे निघाला. गावचे पाचही गडी जागच्या जागी थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले. त्यानं निवांत जाऊन चेंडू टोपलीत टाकला. असं चारदा झालं.

नाना मैदानात आले. "साहेब, शिट्टी वाजवा ना. चेंडू भुईले (जमिनीला) लागला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चित्रात चेंडू एक तर हातात असतो, नाही तर हवेत. आणि केळीचा घड भुईला लागला की डागला. तो या हातातून त्या हातात आणि तिथून खांद्यावर. चित्रात जे दिसलं नाही ते नानांनी बागेतून भरून काढलं होतं.

"नाना, आपटलेला चालतो. तसा नियमच आहे."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. दहा वर्षं! मला माझ्या शिट्टीची लाज वाटली.

"तोबी आपटे का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी फिल्म आठवून पाहिली. "आपटायचा. पण क्वचित. स्वतः टोपलीत टाकण्यापेक्षा दुसऱ्याला द्यायचा. त्याचं नाव झालं ते त्यावरच."

 नाना गड्यांकडे वळून ओरडले, "त्याहिले आपटू द्या! तुमी थांबू नका!"

त्यानंतर गावच्या हातातून चेंडू जमिनीला लागला नाही. जळगावकर धापा टाकत त्याच्यामागे धावत राहिले. तरी गाव एका टोपलीनं हरलंच.

"त्या चार टोपल्या मी हरलो," नाना म्हणाले. "बाकीचं पोरं जिंकले." आणि निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर एक घड दिला.

मनमाडला गाडी बदलतानाही घड माझ्या खांद्यावरच होता. हमाल म्हणाला, "साहेब, दमलात. ठेवा की खाली."

माझा हात शिट्टीकडे गेला.